देणारे, चालवणारे, ठरवणारे : शाळा, उद्योग आणि गाव यांच्या भागीदारीचा आढावा

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शाळा दत्तक देण्याची योजना जाहीर केली. कंपनी, संस्था किंवा एखादी व्यक्ती सरकारी अथवा स्थानिक स्वराज्य संस्थेची शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घेऊ शकते. मदत रोख स्वरूपात द्यायची नाही, वस्तू आणि सेवा पुरवायच्या. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत पाच वर्षांसाठी २ कोटी आणि दहा वर्षांसाठी ३ कोटी रुपये, तर ग्रामपंचायतीच्या हद्दीत अनुक्रमे ५० लाख आणि १ कोटी रुपये एवढ्या मोलाचे काम केले, तर देणगीदाराला हवे ते नाव शाळेला जोडता येते. आदेश निघताच दोन तट पडले. सरकार हात झटकते आहे, असे एका बाजूचे म्हणणे. गळक्या छपराखाली बसणाऱ्या पोरांना छप्पर कोणी दिले याच्याशी काय देणेघेणे, असा दुसऱ्या बाजूचा सवाल. नाशिक जिल्ह्यातली एक शाळा मद्य बनवणाऱ्या कंपनीला दत्तक गेली, असा जाहीर आक्षेपही पुढे घेतला गेला आणि चर्चा बराच काळ त्याच एका उदाहरणाभोवती फिरत राहिली.

त्या गदारोळात मूळ प्रश्न मागे पडला. शाळा, तिच्या आसपासचे उद्योग-व्यापार आणि गाव किंवा वस्ती यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षे चालत आलेला आहे. त्याची उत्तरेही इथे अनेक तऱ्हांनी दिली गेली आहेत. त्या उत्तरांचा, त्यांमागच्या भूमिकांचा आणि आजवर हाती आलेल्या पुराव्याचा हा आढावा.

मुठीतले धान्य आणि उसाचे बिल

सरकारी शाळांचे जाळे पसरण्याआधी इथे शाळा बहुतेक लोकांच्याच आधारावर चालत. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली ती तात्यासाहेब भिडे यांनी दिलेल्या वाड्यात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. जागा आणि अनुदान दरबारचे, उरलेला खर्च आणि कारभार त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा, अशी साधारण विभागणी होती. १९१७ मध्ये त्याच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. म्हणजे राज्यकर्त्याने जबाबदारी घेणे आणि समाजाने वाटा उचलणे या दोन गोष्टी एकाच राज्यात, एकाच काळात शेजारी शेजारी नांदत होत्या. आजच्या वादात त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या जातात, म्हणून ही नोंद.

सर्वांत ठसठशीत उदाहरण अर्थातच रयत शिक्षण संस्थेचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी ती स्थापन केली. शिक्षणाच्या कामात पूर्णवेळ पडण्यापूर्वी भाऊराव ओगल्यांच्या कंदिलांच्या आणि किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडले होते. कुठल्या गावात कोणाचा शब्द चालतो, कोणाकडे काय मागावे आणि कधी मागावे, हे ज्ञान त्या फिरतीत मिळाले असणार. मुष्टिफंडाची कल्पना अशा माणसालाच सुचावी. दळणाला बसताना घरातल्या बाईने एक मूठ धान्य शाळेसाठी बाजूला काढायचे. एका घराला त्याची झळ लागत नाही, पण शंभर घरांच्या मुठींवर वसतिगृहाची चूल पेटते. शिवाय रोज मूठ काढणाऱ्या घराला शाळा परकी वाटत नाही. त्याला जोड ‘कमवा आणि शिका’ची, मुलांनी शेतात, बांधकामावर, स्वयंपाकघरात काम करून आपला खर्च भागवायचा.

या रचनेचे आणखी एक अंग क्वचित सांगितले जाते. १९४८ मध्ये तत्कालीन सरकारने रयतचे अनुदान थांबवले. संस्था बंद पडली नाही, कारण तिचा पाया अनुदानावर उभा नव्हता. लोकांनी निधी उभारला, गाडगे महाराजांसारख्यांनी शब्द टाकला आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले. लोकांचा पैसा संस्थेला स्वातंत्र्य देतो, हा मुद्दा मांडणारे आजही याच प्रसंगाचा दाखला देतात.

स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने आले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना त्यांतला आद्य. शेतकऱ्याच्या ऊसबिलातून टनामागे ठरावीक रक्कम कापायची आणि त्यातून शाळा, महाविद्यालय, वसतिगृह चालवायचे, ही पद्धत पश्चिम महाराष्ट्रात रुळली. तिने तालुक्यांचे रूप पालटले, हे तिच्या टीकाकारांनाही नाकारता येणार नाही. आक्षेप वेगळा आहे. कपात सगळ्या सभासदांच्या बिलातून होते आणि विश्वस्त मंडळावर मात्र कारखान्याच्या सत्तेतलीच घराणी दिसतात. १९८३ मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यावर ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द घरोघर पोचला, तो याच अनुभवातून.

दरम्यान १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या झाल्या. शिक्षकांचे पगार वेळेवर होऊ लागले, वाडीवस्तीवर शाळा पोचली. त्याच वेळी गावकऱ्यांच्या दृष्टीने ‘आपली शाळा’ हळूहळू ‘झेडपीची शाळा’ झाली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) परिसरशाळेचा आणि कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. कार्यानुभव वेळापत्रकात आला, पण बहुतेक ठिकाणी कागदी फुले आणि खडूच्या पेट्यांपुरता.

दोन कायदे, दोन दालने

आजची चौकट मुख्यतः दोन कायद्यांनी आखलेली आहे. गंमत अशी की त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

पहिला २००९ चा शिक्षण हक्क कायदा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. वंचित घटकांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते आणि निधीच्या वापरावर लक्ष ठेवते. पूर्वीच्या ग्राम शिक्षण समितीपेक्षा ही रचना पालकांच्या बाजूने झुकलेली आहे, आणि ते योग्यच. परंतु गावातला दुकानदार, गॅरेजवाला, दूध संघ किंवा शेजारची औद्योगिक वसाहत यांना, ते पालक नसतील तर, तिच्यात स्वाभाविक जागा नाही. स्थानिक शिक्षणतज्ज्ञाच्या जागेवर कोणाला तरी बसवून काही शाळा वाट काढतात.

दुसरा २०१३ चा कंपनी कायदा. कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतली एकही अट पुरी करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. शिक्षण हे अशा कामांत वरच्या क्रमांकाचे आणि महाराष्ट्र हे असा निधी मिळवणाऱ्या राज्यांत अग्रेसर. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. केंद्राने पुढे ही अट मार्गदर्शक असल्याचे स्पष्ट केले. परिणाम उघड आहे. कंपन्यांची मुख्यालये आणि कारखाने ज्या मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आहेत तिकडे पैशाचा ओढा राहतो, आणि आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतल्या गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांना वाट पाहावी लागते.

तर एका कायद्याने पालकांना अधिकार दिला, पैसा दिला नाही. दुसऱ्याने कंपन्यांना पैसा खर्चायला लावले, पण शाळेची समिती त्यांच्या वाटेत कुठे येत नाही. कंपनीचा करार बहुधा जिल्हा परिषदेशी, महापालिकेशी किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेशी होतो. समितीला ते कळते ट्रक शाळेच्या दारात उभा राहिल्यावर.

भूमिका

या विषयावर बोलणाऱ्यांत ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. ते सोयीसाठी वेगळे मांडतो. प्रत्यक्षात एकच मुख्याध्यापक सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या प्रवाहात असतो.

पहिला प्रवाह लोकसहभागाचा. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरच्या शाळेत लोकवर्गणीतून डिजिटल साधने आली आणि तिचे अनुकरण राज्यभर झाले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर शिक्षकांमध्ये जी चढाओढ लागली, तिच्यात गावाने किती वर्गणी दिली हा मोजमापाचाच एक भाग होऊन बसला. सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट, पुणे जिल्ह्यातली वाबळेवाडी ही नावे त्या काळात शिक्षकांच्या सहलींच्या नकाशावर होती. वाबळेवाडीत गावकऱ्यांनी शाळेसाठी जमीन दिली. या प्रवाहाचे म्हणणे असे, की ज्या शाळेत गावाचा घाम आहे तिथे शिक्षक गैरहजर राहायला धजत नाही आणि पालक मुलाला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

यातले तथ्य मान्य करूनही एक शंका उरते. ज्या गावात बागायत आहे, मुंबईला गेलेले चाकरमानी आहेत किंवा महामार्गालगतच्या जमिनी विकल्या गेल्या आहेत, तिथे वर्गणी जमते. कोरडवाहू गावात, भटक्यांच्या पालांवर, ऊसतोडीला निम्मे गाव रिकामे होणाऱ्या तालुक्यात ती कुठून जमावी? शाळांची तुलना वर्गणीवर होऊ लागली की गावाची ऐपतच शिक्षकाच्या गुणवत्तेच्या नावाने मोजली जाते.

दुसरा प्रवाह व्यवस्थापनातल्या भागीदारीचा. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांनी काही शाळा करार करून स्वयंसेवी संस्थांकडे चालवायला दिल्या. १९९१ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षा फाउंडेशनचे काम त्यात ठळक. इमारत पालिकेची, शिक्षक आणि मुख्याध्यापक संस्थेचे, पैसा बव्हंशी देणगीदारांचा. या शाळांत वर्ग भरलेले असतात, पालकसभांना उपस्थिती चांगली असते आणि दहावीच्या निकालांकडे बोट दाखवता येते. विरोधकांचा आक्षेप दोन पातळ्यांवर आहे: एक, नियमित शिक्षकांची पदे न भरण्याची पळवाट यातून तयार होते, दोन, मूठभर शाळांवर प्रकाशझोत पडतो आणि त्याच पालिकेच्या बाकीच्या शाळा अंधारात राहतात. समर्थक म्हणतात की चांगला नमुना दिसला तरच बाकीच्यांकडून अपेक्षा वाढतात. दहा-पंधरा वर्षांनंतरही नमुन्याकडून व्यवस्थेकडे काय झिरपले याचा हिशेब मात्र कोणी नीट मांडलेला नाही.

तिसरा प्रवाह राज्याच्या जबाबदारीवर ठाम आहे. शिक्षण हा मूलभूत हक्क असेल, तर छप्पर, पंखा आणि शौचालय यांसाठी मुख्याध्यापकाने पावतीपुस्तक घेऊन फिरणे हेच त्या हक्काचे उल्लंघन, अशी त्यांची मांडणी. शिक्षक संघटना, शिक्षण हक्कासाठी काम करणारे गट आणि डाव्या विचारांचे अभ्यासक यांत आहेत. त्यांचा मुद्दा समजायला एक आकडा पुरे. ‘समग्र शिक्षा’च्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये एकत्रित अनुदान मिळते. त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळे बसवायचे. वीजबिल थकल्याने जोडणी तोडलेल्या शाळेत देणगीचे संगणक झाकून ठेवलेले असतात, हे ग्रामीण महाराष्ट्राला नवे नाही. चालू खर्चाची तजवीज सरकारने करायची आणि अधिकचे समाजाने द्यायचे, ही रेषा पुसली जाऊ नये असे हा प्रवाह सांगतो. शाळेला देणगीदाराचे नाव देण्याला त्याचा सर्वांत कडवा विरोध आहे.

चौथा प्रवाह पैशाविषयी फारसे बोलतच नाही. त्याची मुळे १९३७ च्या वर्धा परिषदेत आणि गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिक्षणाच्या, कल्पनेत आहेत. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा शाळाच समाजाच्या कामाच्या जागी गेली होती. या परंपरेतला सर्वांत विचार करण्याजोगा प्रयोग पाबळचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे.

पाबळचा हिशेब

हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय पुढे माध्यमिक शाळांत शिकवला जाऊ लागला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम. चार विभाग असतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. शिकवणारा निदेशक शक्यतो गावातलाच, म्हणजे वेल्डिंग येणारा, वायरिंग करणारा, नर्सरी चालवणारी बाई.

या रचनेतली खरी कल्पकता हिशेबाच्या पानावर दिसते. मुलांनी शाळेच्या बागेला लोखंडी फाटक केले, तर वहीत कोन आणि पट्टी किती किलो लागली, भाव काय, वेल्डिंगच्या कांड्या किती, वीज किती, मजुरी किती धरायची, हे सारे उतरवावे लागते. माती परीक्षण, रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणी, छोटी वायरिंगची कामे या सेवा गावाला शुल्क घेऊन दिल्या जातात. त्यामुळे कामात कच्चेपणा चालत नाही. फाटक वाकले तर ज्याने पैसे मोजले तो येऊन बोलतो. गुणपत्रिकेपेक्षा ही परीक्षा मुलांच्या जास्त लक्षात राहते. शाळेला कच्चा माल देणारा दुकानदार, काम शिकवणारा कारागीर आणि काम घेणारे घर, असे तिघेही व्यवहाराच्या नात्याने शाळेशी जोडले जातात. कोणी उपकार करत नाही.

मर्यादाही आहेत. निदेशकाचे मानधन कोण देणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. देणगीदार संस्था तीन वर्षे देते, मग शाळेने पेलावे अशी अपेक्षा असते आणि अनेक शाळांत विषय तिथेच थांबतो. हातकामाला दुय्यम मानणारे पालकही आहेत. पोराला शाळेत वेल्डिंग शिकायला पाठवतो का, हा त्यांचा प्रश्न जातिव्यवस्थेच्या इतिहासाकडे पाहिले तर अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. कुठल्या जातीची मुले हातोडा धरणार आणि कुठल्या जातीची संगणक, हे शाळेने अजाणता ठरवू नये, अशी दलित विचारवंतांनी नई तालीमच्या काळापासून दिलेली सूचना आजही लागू आहे. पाबळची रचना सर्व मुलांना चारही विभाग करायला लावते, हे तिचे त्यावरचे उत्तर.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, अशी कल्पना आहे. कल्पना पाबळच्या जवळची. फरक इतकाच की पाबळमध्ये आठवड्याला एक दिवस वर्षभर मिळतो, इथे अख्ख्या वर्षात दहा.

पुरावा काय सांगतो

पश्चिमेत हा विषय संशोधनाचे स्वतंत्र क्षेत्र झालेला आहे. अमेरिकेत १९६६ च्या कोलमन अहवालाने मुलाच्या यशात घराच्या पार्श्वभूमीचा वाटा मोठा असल्याचे मांडले आणि वाद पेटला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एप्स्टाइन यांनी सहभागाचे सहा प्रकार सांगितले: पालकत्वाला आधार, संवाद, स्वयंसेवा, घरचा अभ्यास, निर्णयात वाटा आणि समाजाशी सहकार्य. आपल्याकडे सहभाग म्हटले की सहाव्यातला फक्त देणगीचा कोपरा डोळ्यांसमोर येतो, हे या यादीशेजारी आपले शासन निर्णय ठेवले की दिसते.

भारतातला सर्वांत बोलका अभ्यास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला आहे. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २८० गावांत तो केला; २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावोगाव शिक्षण समित्या होत्या, पण बहुतेक पालकांना त्यांचा पत्ता नव्हता. खुद्द काही सदस्यांनाही आपण सदस्य आहोत हे माहीत नव्हते. काही गावांत सभा घेऊन समितीच्या अधिकारांची माहिती दिली. काहींत त्याशिवाय मुलांना वाचता येते का, हे तपासायला लोकांना शिकवले. काहींत त्यापुढे जाऊन गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले. समित्यांच्या कारभारात कुठेच फरक पडला नाही. तिसऱ्या प्रकारच्या गावांत मात्र स्वयंसेवक पुढे आले आणि वाचनवर्गाला आलेल्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. वर्गाला आलेली मुले थोडीच होती, ही त्या यशाची मर्यादा.

१९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी प्रयोगाचा मुंबई आणि वडोदऱ्यातला अनुभव याच दिशेचा. वस्तीतली शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसली आणि गुण वाढले. वर्षभराने त्यातली बरीच वाढ ओसरलेली आढळली.

या अभ्यासांवरून समित्या निरुपयोगी ठरतात, असे म्हणणे घाईचे होईल. समितीचा उपयोग पोषण आहारातल्या चोरीला आळा घालण्यात, मुलीला शाळेतून न काढण्यात, शिक्षकाची जागा भरून घेण्यात होत असेल, तर तो वाचनाच्या चाचणीत दिसणार नाही. पण माझे स्वतःचे मत या पुराव्याने एका बाजूला झुकते: माणसाला नेमके काम, ठरलेली वेळ आणि थोडे प्रशिक्षण दिले तर समाज शाळेच्या उपयोगी पडतो, नुसता अधिकार सांगितला किंवा नुसती वस्तू मागितली तर फार काही घडत नाही. कोणत्याही जुन्या जिल्हा परिषद शाळेत भिंतीवरचे घड्याळ, लोखंडी कपाट आणि पंख्याची पाती ‘सप्रेम भेट’ या अक्षरांनी रंगलेली असतात. बंद पडलेला प्रोजेक्टर जडवस्तू नोंदवहीत चढलेला असल्याने निर्लेखनाची प्रक्रिया होईपर्यंत फेकताही येत नाही. तो वर्गाचा एक कोपरा अडवून बसतो.

कारखान्याच्या दारातली शाळा

उद्योगाचा शाळेशी संबंध ऐच्छिक नसून अटळ आहे, अशी एक जागा महाराष्ट्रात आहे: ऊसतोड. ऑक्टोबर-नोव्हेंबरला बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कोयते निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. शाळेचे निम्म्याहून अधिक वर्ष त्यात जाते. १९९० च्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालवल्या. जागा कारखान्याची, शिकवणारे संस्थेचे, मान्यता आणि काही मदत सरकारची. कागदावर ही आदर्श त्रिपक्षीय भागीदारी.

ती चालली तोवर चालली. बऱ्याच कारखान्यांच्या लेखी तोडणी कामगार मुकादमाचा माणूस होता, आपला नव्हे. त्यामुळे त्याच्या मुलांची शाळा ही कारखान्याची मेहेरबानी ठरली. शिक्षण हक्क कायद्यानंतर भर बदलला. गावातच हंगामी वसतिगृहे उघडून मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवायचे, किंवा शिक्षण हमी कार्ड देऊन कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायचे. पहिल्या उपायात मूल आईपासून तुटते. दुसऱ्यात तीस मुलांच्या वर्गात डिसेंबरमध्ये पंधरा नवी मुले येतात, त्यांच्यासाठी जादा शिक्षक नसतो. साखरशाळा हव्या होत्या की नको होत्या, यावर या क्षेत्रात काम करणाऱ्यांत आजही एकमत नाही. ऊस गाळपावर टनामागे काही रक्कम या मुलांसाठी काढावी, ही मागणी अधूनमधून होते. सभासदाच्या बिलातून महाविद्यालयासाठी कपात करणे ज्यांना जमले, त्यांना हे तत्त्वतः अवघड नसावे.

काय सुटलेले नाही

सुरक्षिततेचा प्रश्न अलीकडे पुढे आला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शाळेत येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाची पडताळणी, सीसीटीव्ही आणि तक्रारपेट्या यांवर भर आला. तो आवश्यकच होता. त्याच वेळी राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणते की कारागीर, माजी विद्यार्थी आणि स्वयंसेवक शाळेत यावेत. गावातल्या सुताराला आठवड्यातून एकदा वर्गात बोलवायचे, तर पोलीस पडताळणीचा अर्ज कोणी भरायचा आणि काही घडलेच तर जबाबदारी कोणाची, याचे सुटसुटीत उत्तर शाळेकडे नाही. मग मुख्याध्यापक सुरक्षित मार्ग निवडतो आणि कोणालाच बोलवत नाही.

छोट्या स्थानिक व्यवसायांचे स्थान अस्पष्टच आहे. कंपनी कायद्याच्या कक्षेत न येणारे कृषी सेवा केंद्र, छापखाना, मोबाइल दुरुस्तीचे दुकान, बचत गटाचे पापड केंद्र हेच शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतात आणि मुलांना शिकण्यासारखे त्यांच्याकडे खूप असते. धोरणाच्या भाषेत मात्र ‘उद्योग’ म्हणजे ज्याच्याकडे दोन टक्क्यांचा निधी आहे तो. किराणा दुकानदाराकडे गणपतीची, यात्रेची आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची वर्गणी मागायला लोक जातात. त्याच्या उधारीच्या वहीवरून सातवीला टक्केवारी शिकवता येईल, असे सांगायला कोणी जात नाही.

टिकण्याचा प्रश्न सर्वांत जुना. गाजलेल्या बहुतेक शाळा एका शिक्षकाभोवती उभ्या राहिल्या. जिल्हांतर्गत बदल्यांत तो शिक्षक गेला की गावाशी जुळलेले धागे सैल पडतात. कंपनीचा प्रकल्पही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. त्यानंतर नव्याने मंजुरी लागते. मूल पहिलीत आल्यापासून आठवीतून बाहेर पडेपर्यंत अशी किमान दोन चक्रे उलटतात. समितीने जाणाऱ्या आणि येणाऱ्या शिक्षकामध्ये हा दुवा सांभाळावा, अशी सूचना अनेकांनी केली आहे; समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण देण्यावर खर्च होतो तो बहुधा एका दिवसाच्या भोजनासहित शिबिराइतकाच.

आणि शेवटी कमी पटाच्या शाळांचा प्रश्न. २०२३ मध्ये दत्तक योजनेच्या आसपासच वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळांसाठी समूह शाळांचा विचार पुढे आला. पानशेतचे उदाहरण त्यासाठी दिले गेले: मोठी इमारत, पुरेसे शिक्षक, मुलांसाठी गाड्या. शैक्षणिक बाजूने त्यात अर्थ आहे. दोन शिक्षक आणि चार इयत्ता हे गणित कोणालाच सोपे नाही. विरोध मुख्यतः अंतरावरून, मुलींच्या गळतीच्या भीतीवरून झाला. भागीदारीच्या अंगाने मात्र एक वेगळा पेच आहे आणि त्यावर अजून फारशी चर्चा नाही. अनेक वाड्यांवर शाळेची जागा कोणा शेतकऱ्याने बक्षीसपत्र करून दिलेली आहे, भिंती श्रमदानातून उभ्या आहेत, कुंपण माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीचे आहे. जमीन कागदोपत्री जिल्हा परिषदेची. शाळा समूहात गेली तर त्या इमारतीत अंगणवाडी भरवायची, वाचनालय चालवायचे की तिला कुलूप लावायचे, हे ठरवताना ज्यांनी ती उभी केली त्यांना विचारण्याची तरतूद आज कुठल्याही नियमात नाही.